‘डांबिस’चे सातवे वाक्य

१ फेब्रु., रवि.
देवा पहिली पाळी करून सिलतऱ्याच्या कारखान्यातून सरळ इकडेच आला. नलूने दारातच अडवलं. "अंगावरची भुकटी झटक पहिले, मंग घरात ये. भाऊ असशीन तं असशीन."
जेवताना बोलला ते मी, उजवा हात उष्टा म्हणून, डाव्या हातात पेन धरून बोलीच्या शब्दांच्या वहीत उतरवलं. जसंच्या तसं :
"डांबिस हाय सारे, भाऊजी. तपासनीवाला येनार असला का धूळ खेचाची मशीन चालू. त्याची गाडी गेटाबाहेर गेली का बंद. नं वरून आमाले म्हंते, मास्क लावा."
हसत बोलला. हसला, हेही कंसात लिहिलं.
‘डांबिस’ची ही सातवी नोंद. पहिल्या सहा नोंदींत आई पोराला म्हणते, आजी नातवाला म्हणते, एक गडी आपल्या पत्त्यातल्या जोडीदाराला म्हणतो. आपल्याहून वरच्या माणसांना, तेही घोळक्याला, ही पहिलीच. याचीच वाट पाहून राहिलो होतो. लेख आता पुरा होतो.

३ फेब्रु., मंगळ.
दुकान अर्धा तास बंद ठेवून देशकर सरांकडे लेख दिला. इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका तेच काढतात. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त. चष्मा कपाळावर ठेवून वाचला, म्हणजे वाचला की नाही कोण जाणे.
"छान आहे. पण हे सगळं ऐकीव झालं हो. कोण बोललं, कुठं, कधी? तुम्ही वजनकाटे दुरुस्त करता. सरकारी मुहर नसलेला काटा तुम्ही गिऱ्हाइकाला देता का?"
नाही देत. सव्वीस वर्षांत एकही दिला नाही.
सरांच्या बायकोने चहा आणला. सर म्हणाले, हे आपले हौशी संशोधक. हौशी.

४ फेब्रु., बुध.
सातही वाक्यांना वक्ता, वय, काम, ठिकाण, तारीख जोडली. आता बोला म्हणावं.
अर्थ असे केले. एक : खोड्या करणारं पोर, ज्याच्यावर रागावताना हसू येतं. दोन : आपल्यातलाच चलाख माणूस, ज्याच्या लबाडीचं थोडं कौतुक आहे. तीन : लबाड मोठ्यांची टोळी, ज्यांचं सगळं आपल्याला माहीत आहे आणि आपल्याला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. या तिसऱ्या अर्थावर दोन तास गेले. असा कोणत्याच कोशात नाही. शब्द गोऱ्या साहेबाच्या शिवीतून आला असं रेल्वेतले म्हातारे सांगतात. पुरावा नाही, म्हणून ‘सांगतात’ एवढंच लिहिलं.
शेवटी तळटीप : ‘सातव्या वाक्याच्या वक्त्याची एकूण एकतीस वाक्ये माझ्या पाच वह्यांत तारखेनिशी आहेत. कोणीही येऊन पाहावीत.’
नाव छापतो म्हणून देवाला फोन करणार होतो. काउंटरवर किराणावाला काटा घेऊन आला. राहिलं.

१५ फेब्रु., रवि.
स्मरणिका निघाली. पान बेचाळीस ते सेहेचाळीस. एकही चूक नाही, मी स्वतः तीनदा मुद्रितं तपासली होती. देशकर सर माईकवर म्हणाले, "शास्त्रशुद्ध नोंद कशी असते ते आमच्या या मित्राकडून शिका." हौशी म्हणाले नाहीत.
अश्विनीने फोटो काढले. "बाबा, आपका नाम तो प्रेसिडेंट से भी बड़ा छपा है." कॉलेजला गेल्यापासून मराठीतून उत्तर द्यायचं सोडलंय तिने, पण खूश होती.
देवाला दुसरी पाळी, आला नाही. त्याची प्रत काढून ठेवली.

१७ फेब्रु., मंगळ.
कोणी तरी पान चव्वेचाळीसचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मोबाइलवर बातम्या चालवणाऱ्या एकाकडे गेला. त्याने हिंदीत छापलं : ‘प्लांट कर्मचारी ने कहा — सब बदमाश हैं, जांच टीम जाते ही मशीन बंद.’
डोकं फिरलं. ‘बदमाश’ म्हणजे ‘डांबिस’ नव्हे. बदमाशाचं नाव ठाण्यात असतं, डांबिसाचं नसतं. त्याला मोठा खुलासा पाठवला, उदाहरणांसह. सहीसह.
पाठवल्यावर नलूला दाखवला. तिने माझा खुलासा वाचलाच नाही. वरची बातमी वाचली.
"याच्यात देवाचं नाव हाय."
"वक्त्याचं नाव द्यावंच लागते."
"आडनावासंगट हाय. कोन्त्या विभागात हाय ते बी हाय." पुन्हा वरून वाचायला लागली. भाजी करपली.

१९ फेब्रु., गुरु.
देवाचा दुपारी फोन. आवाज साधा.
"भाऊजी, माझं काई छापलं का तुमी?"
सांगितलं.
"हव. म्हनूनच. गेटवर पास मशीनले लावला तं लाल लागला. म्हने, ऑफिसात बसा. तीन घंटे बसवलं. पानी देल्लं, चहा देल्ला. कोनी काईच नाही विचारलं."
"मग?"
"मंग म्हने, घरी जा. आमी बोलावतो."

२२ फेब्रु., रवि.
देवा आला, जेवायला नाही. अंगणात मोटरसायकल लावून तिच्यावरच बसून राहिला. वीस वर्षं ठेकेदाराकडे आहे, पास लाल लागलेला पहिल्यांदा.
मी त्याला प्रत दिली. त्याने पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "मी असंच बोल्लो होतो?"
"अक्षरशः."
"हसलो बी लिहिलं तुमी." मग म्हणाला, "मी तुमच्या घरी जेवून राहिलो होतो, भाऊजी. गेटवर नोतो बोलून राहिलो."
नलू बाहेर आली. आजपर्यंत चारचौघांत माझ्याशी अशी बोलली नव्हती, शेजारचे गच्चीवर होते. "माझ्या भावाच्या तोंडचा घास वहीत चिपकवला यायनं. एका मास्तरानं शाबास म्हनावं म्हनून."
खोटं नाही.
देवा निघताना मी विचारलं. हे विचारायला नको होतं, पण विचारलं, "आता त्यांना काय म्हणशील?"
"कोनाले?"
"प्लांटवाल्यांना."
हेल्मेट घातलं. "साहेब लोक," म्हणाला.
अर्थ क्र. ३ अपुरा आहे. ज्याची खरीच भीती वाटते त्याला कोणी डांबिस म्हणत नाही. अंगणात बसून म्हणवत नाही. माझ्या सातही नोंदी घरातल्या, जेवतानाच्या, ओट्यावरच्या आहेत. हे मी लेखात पाहिलंच नव्हतं.

२४ फेब्रु., मंगळ.
सकाळी अकराला दुकानात एक माणूस. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बूट इतके स्वच्छ की सिलतऱ्याहून आला असेल असं वाटेना. सोबत ड्रायव्हर, त्याच्या हातात पाच किलोचा काटा.
"भाई साहब, हमारी कैंटीन का है. ज़रा देख लीजिए."
वजनं लावून पाहिला. एका ग्रॅमचाही फरक नाही. मुहर ताजी. सांगितलं, याला काही झालेलं नाही.
"अच्छा? चलिए, बढ़िया है." पण उठला नाही. खिशातून कागद काढले. माझा पूर्ण लेख, हिंदीत टाइप केलेला. तळटिपेसकट. कोणी भाषांतर केलं माहीत नाही. चांगलं केलंय. ‘डांबिस’ तसाच ठेवलाय.
"आप बहुत सटीक आदमी हैं. मुझे ऐसे लोग पसंद हैं." मग तळटिपेवर बोट. "इकतीस में से एक छपा. बाकी तीस में क्या है?"
मी म्हणालो, शब्द आहेत. बोलीतले शब्द.
"वही तो. हम भी देखना चाहते हैं. आपने लिखा है, कोई भी आकर देख ले."
वह्या घरी आहेत म्हणून सांगितलं. त्या वेळी त्या माझ्या मागच्या फळीवर होत्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, पाचही.
काटा तिथेच ठेवून गेला. "देवानंद के हाथ भिजवा दीजिएगा. जब वो आएगा."
काटा ठीक असताना परत काय पाठवायचं, याचा मी गाडी सुटेपर्यंत विचार करत राहिलो.

२५ फेब्रु., बुध.
दुकान उघडलं नाही. पाचही वह्या काढून देवाची वाक्यं शोधली. सहा वर्षांतली. बहुतेक निरुपद्रवी. भाजीबद्दल, सासऱ्याबद्दल, क्रिकेटबद्दल. पाच-सहा प्लांटबद्दल, तीही रोजच्या कुरबुरीची.
मग वही ४, पान ११८. शब्द : ‘सटकणे’.
‘वरच्या जाळीवरून सटकला न तो. पट्टा होता कमरेले, पन अडकवाले जागाच नोती. आमी तिघं होतो. साहेब म्हने, तुमी काई पाहिलं नाही. सही घेतली तिघाइची.’
वक्ता, ठिकाण, तारीख. मेलेल्याचं नावही आहे. बाजूला माझ्या अक्षरात : ‘सटकला की घसरला, असे विचारले. "सटकला" असेच म्हणाला. उच्चार स्पष्ट.’
आठवतं. पावसाळ्याचे दिवस. नलू माहेरी होती. देवा संध्याकाळी आला, पाटावर बसला, समोरचं ताट तसंच. तो हे बोलत होता आणि मी त्याला विचारत होतो, सटकला की घसरला. त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. सटकला, म्हणाला. मी लिहून घेतलं. मला नवा शब्द मिळाला म्हणून त्या दिवशी मी बरा झोपलो असेन.
पुढे काय झालं, विचारलंच नाही. सहीचं काय, तेही नाही.

२६ फेब्रु., गुरु.
देशकर सरांकडे गेलो. कोणाशी तरी बोलायला हवं होतं, आणि नलूशी बोलायची हिंमत नाही.
पान ११८ वाचून दाखवलं. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. या वेळी खरंच ऐकलं.
"हे तुम्ही मला वाचून दाखवायला नको होतं."
"तुम्हीच म्हणाला होता, कोण, कुठं, कधी."
"मी व्याकरणाच्या पुराव्याबद्दल बोलत होतो हो! आणि आडनावासकट कोणी छापतं का? अहो, ‘एक कामगार’ लिहायचं."
मुद्रितं त्यांनीही पाहिली होती. त्यांची सही आहे त्यावर. 
मी विचारलं, वह्या काही दिवस तुमच्याकडे ठेवू का. सर उठले, पंखा मोठा केला, परत बसले. "माझ्याकडे नको. सुनेचं बाळंतपण आहे घरात."
घरी पोचेपर्यंत ग्रुपवर संदेश : ‘स्मरणिकेतील लेखांशी मंडळ सहमत असेलच असे नाही.’ खाली एकेचाळीस हात जोडलेले.

१ मार्च, रवि.
देवाकडे मीच गेलो. उरला गावाच्या रस्त्यावर त्याची खोली, समोरून ट्रक जातात तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. त्याची बायको सुनंदा भांडी घासत होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "या," एवढं म्हणाली, तेही भांड्यांना.
पान दाखवलं. तो विसरला होता, म्हणजे आपण मला सांगितलंय हे विसरला होता.
"ते बी लिहिलं तुमी?"
"हो."
ट्रक गेला. आणखी एक गेला.
"कागदावर तो गेटाच्या बाहेर पडला, भाऊजी. घरी जाता जाता. तिघाइनं सही केली, आमी गेलो तं तो आंधीच पडून होता म्हनून. त्याची बाई अजून भेटते बजारात. विचारते मले, देवाभाऊ, खरंच रस्त्यावर पडला का हो. मी म्हंतो, हव."
"आणि बाकीचे दोघं?"
"एक गावाले गेला. एक सुपरवायझर झाला."
सुनंदा आतून म्हणाली, "जाळून टाका ते. आत्ताच्या आत्ता. चूल हाय." आवाज चढलेला नव्हता. मी वही पिशवीत ठेवली. जाळीन म्हणालो नाही, नाही जाळणार असंही म्हणालो नाही.  जाताना देवा पोचवायला कोपऱ्यापर्यंत आला. नेहमी येतो, पण आज कोपऱ्यावर मागे वळून पाहिलं, कोणी आहे का म्हणून. मीही पाहिलं.

३ मार्च, मंगळ.
देवाला परत घेतलं. पास हिरवा. नलूने देवघरात साखर ठेवली.
मला त्याचं काही कळत नाही. काटा अजून माझ्याकडे आहे. वह्या दिल्या नाहीत. मग परत का घेतलं?
संध्याकाळी त्याचा फोन. आधीच्या जागेवर नाही, ऑफिसजवळच्या स्टोअरला बसवलं. पंख्याखाली. काम काही नाही. "कोनी बोलत नाही, भाऊजी. चहावाला बी कप ठेवून जाते. आन् पक्कं करू म्हनून राहिले."
"पक्कं? तुला?"
"मले."
वीस वर्षं ज्यासाठी हात जोडले ते. मी अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने आधीच फोन ठेवला.

४ मार्च, बुध.
पान फाडता येईल का पाहिलं. येत नाही. वह्यांना मी पहिल्या दिवसापासून पानांचे आकडे घातलेत, शाईने. ११६ नंतर एकदम ११९ आलं की जो पाहील त्याला मधल्या पानाचाच प्रश्न पडणार. शब्दसूचीतही आहे : ‘सटकणे, ४/११८’. पुढे पान १२०वर त्या पानाचा उल्लेख आहे. कोणाला खोडता येऊ नये अशा पद्धतीनेच सगळं केलंय. कोण खोडणार होतं माझ्या वह्या? कोणाला पडली होती?
पूर्ण वही नव्याने उतरवायची म्हटली तर दोनशे पानं. तीन वर्षांच्या तीन शाया.
नलूला आज सगळं सांगितलं. ती जमिनीकडे पाहत ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईले कोन सांगन मंग?" मला वाटलं होतं ती जाळा म्हणेल.

५ मार्च, गुरु. दुपारी पाऊण
हे दुकानाच्या काउंटरवर बसून लिहितो आहे. मागच्या दाराने घर, पडदा आहे, आतलं ऐकू येतं.
बाराला पांढरी गाडी थांबली. मागच्या सीटवरून देवा उतरला. एकटा. ड्रायव्हर तोच, त्या दिवशी काटा धरून उभा होता तो. ड्यूटीच्या वेळात, कंपनीच्या गाडीत, देवा. नवा शर्ट.
"भाऊजी, आमच्यावालं बोलनं मले वापस द्या."
"काय?"
"वह्या. पाचही. माझं बोलनं हाय न त्याच्यात? माझं हाय तं मी मांगू शकतो."
पाठ करून आल्यासारखं बोलला. देवा असा बोलत नाही. त्याची एकतीस वाक्यं माझ्याकडे आहेत, मला माहीत आहे तो कसा बोलतो.
"तू मागून राहिला का ते?"
त्याने गाडीकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळलं, एवढं मला दिसलं. "मीच मांगून राहिलो."
"देवा, पान ११८ त्यांना माहीत आहे?"
"मले नाही माहीत."
"तू सांगितलंस?"
"भाऊजी, द्या न." आणि मग हळू, ओठ न हलवता, "नाही सांगितलं."
मला हे दोन्ही खरं वाटलं.
दिल्या, तर ते वाचतील, आणि ज्याने सहीच्या विरुद्ध बोलून ठेवलं तो त्यांच्याच पंख्याखाली बसलेला आहे. नाही दिल्या, तर तो रिकाम्या हातांनी त्याच गाडीत बसून परत जाईल. पान फाडून वही दिली, तर काय फाडलं ते त्यालाच विचारतील. आणि जाळली, तर बाजारात ती बाई विचारत राहील आणि देवा ‘हव’ म्हणत राहील, आणि ‘हव’ नाही हे कागदावर कुठेच नसेल.
मी म्हणालो, आधी जेवून घे. दुसरं काही सुचलं नाही.
वाटलं, नाही म्हणेल. "हव," म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.
त्याला अर्धा तास झाला. पाचही वह्या पिशवीत घातल्या आहेत. चौथी परत बाहेर काढली. पुन्हा घातली. आता ती माझ्या मांडीवर आहे.
ड्रायव्हर उतरून काचेपाशी येऊन गेला. हसला. घड्याळ दाखवलं.
आतून नलूचा आवाज. "आनखी भात घे."
देवा दोन पोळ्यांच्या वर कधी जेवत नाही. सहा वर्षांत जेवला नाही. तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि तो तिसऱ्यांदा हव म्हणाला. हळूहळू जेवतो आहे. ताटाला बोटं लागल्याचा आवाजही येत नाही.
बाहेर हॉर्न. एकदाच.
"वाढ, ताई," देवा म्हणाला.